गोड्या पाण्यात विरघळलेला स्फटिक

आमच्या कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत झाडपूस आणि मांडामांड करणाऱ्या काकीवर अन्याय झाला. केव्हा झाला तेही सांगते: घटस्थापनेच्या आदल्या दिवशी, दुपारचा चहा झाल्यावर. तिला ऑफिसात बोलावलं, उभं ठेवलं आणि सांगितलं, "उद्यापासून येऊ नका." का, तर तिने प्रयोगाचा स्फटिक पाण्यात घालून विरघळवला. टेबलावरचे उष्टे कप तिने उचलले, विसळले, पालथे घातले आणि मग ती गेली.

एवढं मी पत्रकात छापलं होतं. पत्रकात एवढंच मावतं. वाळूउपशाच्या विरोधात मी पत्रकं लिहिली आहेत, आमच्या वाडीची एसटी बंद केली तेव्हाही लिहिली आहेत. पत्रकाची शिस्त अशी, की वाक्य आखूड हवं आणि दोषी कोण ते कागद उघडायच्या आत कळायला हवं. पण त्या खोलीत काकी आणि मी काय करत बसायचो, आणि ती गेल्यावर ती खोली कशी झाली, हे पत्रकात बसत नाही. म्हणून हे लिहिते आहे.

तिसऱ्या वर्षाला पदार्थविज्ञान घेतलेली मी एकटी होते. एकटी म्हणजे खरोखर एकटी. दुसऱ्या वर्षापर्यंत थोडी मुलं होती. एक पुण्याला कॉम्प्युटरचा कोर्स करायला गेला, एकीचं लग्न झालं, उरलेल्यांनी रसायनशास्त्र घेतलं, कारण रसायनवाल्यांना कंपनीत काम मिळतं. राहिले मी आणि बाकांच्या रांगा. सर तासिका तत्त्वावरचे, कुडाळहून एसटीने यायचे. गाडी चुकली की तास बुडाला. हजेरी घेताना ते सवयीने वर्गभर नजर फिरवायचे, मग माझ्यापाशी येऊन कसनुसं हसायचे. फळ्यावर लिहिताना "मुलांनो" म्हणायचे. मी मान डोलवायचे, मुलांच्या वतीने.

कॅन्टीनमध्ये सगळे आपापल्या घोळक्यात. मी डबा घेऊन प्रयोगशाळेत जायचे, कारण तिथे काकी असायची. ती मुळात माझ्याशी बोलायची असं नाही. ती उपकरणांशी बोलायची, मी ऐकायचे.

"काय रे, परत खार धरलंस? कालच पुसलेलंय ना तुका?" हे वजनकाट्याला.

आमच्याकडे समुद्र खिडकीतून दिसला नाही तरी आत येतो. पितळ हिरवं पडतं, स्क्रू गंजून बसतो, काचेवर पांढरी भुकटी धरते. त्यावर या किनाऱ्यावर एकच उपाय आहे आणि तो प्रत्येक घरात आहे: गोडं पाणी. होडीचं इंजिन गोड्या पाण्याने धुवायचं. मोटरसायकल गोड्या पाण्याने धुवायची. काकीचा झील, म्हणजे तिचा मुलगा, तारकर्लीला पर्यटकांना घेऊन समुद्राच्या तळाशी उतरतो. वर आला की मास्क, नळ्या, श्वास घ्यायचं यंत्र, सगळं गोड्या पाण्याच्या टबात भिजत घालतो, कारण मीठ आत राहिलं तर पुढच्या खेपेला दम कोंडेल. काकीला या गोष्टीची खात्री सूर्य उगवण्याइतकी होती. आणि ती चुकीची नव्हती. आमची सूक्ष्मदर्शकं चालत होती ती तिच्या ओल्या फडक्यामुळे आणि लगेच फिरवलेल्या कोरड्या फडक्यामुळे. शेजारच्या कॉलेजातली कधीच भंगारात गेली.

आता स्फटिक. हा आम्हाला पावसाळ्याच्या सुरुवातीला मिळाला, कुठल्याशा मोठ्या संस्थेने जुनं सामान काढलं त्यातून. बोटाच्या पेराएवढा, काचेसारखा, दोन्ही टोकांना काचेच्या झडपा असलेल्या डबीत बंद. सरांच्या डोळ्यांत मी पहिल्यांदाच काहीतरी पेटलेलं पाहिलं. "हा प्रकाशाला बोलायला शिकवतो," ते म्हणाले. मला वाटलं, सरही कधीतरी अभ्यासक्रमाबाहेरचं बोलतात तर.

तो काय करतो ते सांगते, अवघड नाही. दोरीचं एक टोक खांबाला बांधा आणि दुसरं हलवा. वरखाली हलवलं तर लाट उभी जाते, डावीउजवीकडे हलवलं तर आडवी. मध्ये उभ्या गजांची खिडकी आली तर उभी लाट पार होते, आडवी अडते. प्रकाशालाही असं उभंआडवं डुलणं असतं, आणि त्याच्यासाठीही तशा खिडक्या मिळतात. एक उभ्या गजांची, तिच्यापुढे एक आडव्या गजांची ठेवली की पलीकडे अंधार. या दोन खिडक्यांच्या मधे हा स्फटिक ठेवायचा आणि त्याला विजेचा जबर दाब द्यायचा. दाब मिळाला की स्फटिक प्रकाशाचं डुलणं वळवतो आणि पलीकडे उजेड पडतो. दाब कमी, उजेड कमी. दाब जास्त, उजेड जास्त. आता त्या दाबात माणसाचा आवाज मिसळा. उजेड आवाजाबरोबर वरखाली होतो, इतक्या भरभर की डोळ्याला ठिपका स्थिरच दिसतो. पण पलीकडे प्रकाशाची वीज करणारी टिकली बसवली आणि तिला स्पीकर जोडला, की आवाज जसाच्या तसा बाहेर.

समुद्राखालून जाणाऱ्या केबलमध्ये हेच चालतं. तिथे लेझर उघडमीट करत नाहीत, त्याला डिवचलं तर त्याचा रंग किंचित हलतो आणि दूर जाईपर्यंत खुणा एकमेकांत मिसळतात. म्हणून लेझर अखंड तेवत ठेवतात आणि उघडझाप करायचं काम त्याच्या पुढ्यातल्या स्फटिकाकडे. तुम्ही मुंबईच्या भावाशी, दुबईच्या नवऱ्याशी बोलता ते वाटेत कुठेतरी अशा स्फटिकातून जातं.

मांडणी जमायला बरेच दिवस गेले. जमली त्या दिवशी सरांची एसटी लवकर होती, ते घड्याळ बघत होते. लेझर प्रयोगशाळेत, स्पीकर व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला. आवाज कुठला द्यायचा? माझ्या मोबाईलची बॅटरी संपलेली.

"काकी, तुझा मोबाईल दे."

"कित्याक? माझ्यात काय आसा? दशावतार आसा नि झिलाचे फोटो."

"दशावतारच दे."

तिने गावच्या जत्रेत रेकॉर्ड केलेलं नाटक लावलं. व्हरांड्याच्या टोकाला राजा गरजला. प्रधानाला दम देत होता. काकी धावत स्पीकरपाशी गेली, टेबलाखाली वाकून पाहिलं, मागे पाहिलं.

"वायर खंय आसा?"

"वायर नाही. मधे फक्त उजेड आहे."

"उजेडातसून राजा येता?" तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की या चेडवाला, या पोरीला, एकटं राहून राहून काहीतरी झालंय. मग परत आली आणि लेझरच्या लाल रेघेत हात घातला. राजा गप्प. हात काढला, राजा सुरू. पुन्हा घातला. तळहातावर लाल ठिपका.

"गो बाय! राजाक तळहातार उभो केलंय बग! आता बोल म्हणा, काय बोलतंस तो!"

सर हसले. मी हसले. त्या खोलीत तिघांनी एकदम हसल्याचं मला दुसरं आठवत नाही. त्या दिवशी सरांची एसटी चुकली आणि त्यांनी तक्रार केली नाही.

मग पावसाचा जोर वाढला आणि डबीच्या एका झडपेचं रबर सुटलं. सरांनी स्फटिक बाहेर काढला, ओल शोषणारे निळे दाणे घातलेल्या काचेच्या भांड्यात ठेवला आणि मला म्हणाले, "याला हात लावू नकोस, नाजूक आहे." नाजूक म्हणजे काय? पडला तर फुटेल? ओरखडा येईल? मी तेवढंच समजले. काकीला तर एवढंही कोणी सांगितलं नाही. भांड्यावर इंग्रजीत एक चिठ्ठी होती, ओलीपासून जपा या अर्थाची, एका जाडजूड शब्दात. तो शब्द मलाही तेव्हा ठाऊक नव्हता.

गणपतीची सुट्टी लागली. कॉलेज बंद, वीज येऊन जाऊन, खोल्या कुंद. ओल पिऊन पिऊन निळे दाणे गुलाबी पडले, म्हणजे त्यांचं पोट भरलं. सुट्टी संपायच्या आधी काकी नेहमीप्रमाणे आली. कुणी बोलावलं नव्हतं, त्या दिवसांचं तिला कुणी काही देणार नव्हतं. कॉलेज उघडताना खोली स्वच्छ हवी म्हणून आली. तिने भांड्यात पाहिलं. स्फटिकावर पांढरी साय धरलेली. इतकी वर्षं ज्या पांढऱ्याशी ती झगडली तेच पांढरं. तिने जे केलं ते या किनाऱ्यावरचा कुठलाही शहाणा माणूस करेल. वाटीत गोडं पाणी घेतलं आणि मीठ सुटावं म्हणून त्यात भिजत ठेवला. खिडक्या पुसून परत आली तर वाटीत खडीसाखरेचा चघळलेला तुकडा उरावा तसं काहीतरी. तिने तेही लपवलं नाही. वाटी तशीच झाकून ठेवली आणि कॉलेज उघडल्यावर स्वतः सरांना दाखवली.

"सर, ह्या काय झाला बगा. मीठ जावक घातलंय तर सगळाच गेला."

सरांनी डोक्याला हात लावला. मग ऑफिसात गेले. तिथे त्यांनी काय सांगितलं ते मला माहीत नाही. एक माहीत आहे, स्वतः तिला काही सांगितलं नव्हतं हे त्यांनी सांगितलं नाही. सर वाईट माणूस नाहीत. तासिका तत्त्वावरचा माणूस वाऱ्याच्या दिशेने उभा राहतो.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी मी प्राचार्यांच्या ऑफिसबाहेर उभी होते, दार उघडं होतं. काकी आत प्रमाण मराठीत बोलत होती. ऑफिसात सगळे तसंच बोलतात. पण त्या भाषेत ती अडखळायची, आणि अडखळणारा माणूस खोटं बोलतोय असं खुर्चीवरच्याला नेहमी वाटतं.

"साहेब, मला वाटलं, खार धरली आहे."

"तुम्हाला वाटलं? तुमचं काम वाटण्याचं आहे का?"

झालं. कंत्राटावरच्या बाईला काढायला याहून जास्त वाक्यं लागत नाहीत.

नंतर ती खोली माझ्या एकटीची झाली. एजन्सीने दुसरी बाई पाठवली, ती सगळ्या इमारतीला मिळून एकच. तिला श्वास घ्यायला फुरसत नाही, उपकरणांशी काय बोलेल? मी डबा उघडायचे आणि तसाच बंद करायचे. एकदा वजनकाट्यावर खार दिसली आणि मी मोठ्याने म्हणाले, "काय रे, परत?" आवाज भिंतीवर आपटून परत आला. मी इतकी शरमले, जणू कुणी पाहिलं होतं. पाहायला होतं कोण?

पत्रकं काढली ती त्या आठवड्यात. कॉलेजच्या गेटवर उभी राहिले. मुलं घ्यायची, वाचायची, "अगो, क्रिस्टल विरघळवल्यान ती काकी!" म्हणून हसायची आणि पुढे जायची. एकाने मला विचारलं, "तुझी नातेवाईक काय गो?" नाही म्हटल्यावर त्याला कळेना की मग मी का उभी आहे. वाळूच्या वेळी सोबत माणसं होती. एसटीच्या वेळी अख्खी वाडी होती. या वेळी उरलेली पत्रकं मी घरी आणली तेव्हा आई म्हणाली, "तुजा शिक्षण आधी पुरा कर. मगे जगाचा बग." ती चूक नव्हती. पण मला त्या दिवशी कुणाकडून तरी दुसरं काहीतरी ऐकायचं होतं.

थंडी पडली, आंब्याला मोहोर फुटला. शेजारच्या बागेत फवारणी चालू होती. बांधावर रिकामी पिशवी पडलेली. मी उगाच वाचली, मला छापील काहीही वाचायची सवय आहे. झिरो-बावन्न-चौतीस. मोहोर टिकावा म्हणून आमच्याकडे मारतात ते खत, कसालच्या दुकानात मिळतं, बादलीत पाण्यात ढवळलं की विरून जातं. पिशवीवर बारीक अक्षरात त्याचं रासायनिक नाव होतं: मोनो पोटॅशियम फॉस्फेट. मी तिथेच बांधावर बसले. आमच्या स्फटिकाचं नाव पुस्तकात पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट. नावं दोन, वस्तू एक. तेच अणू, तेच सूत्र. एक हळूहळू, शुद्ध द्रावणात वाढवलेला, दुसरं पोत्यात भरलेलं. केबलवाल्यांचा स्फटिक वेगळा असतो, लिथियम निओबेट. तो पाण्याला भीत नाही. काकीने त्याला धुतलं असतं तर तो चकाकला असता आणि तिला शाबासकी मिळाली असती. आमच्या वाट्याला जुनं सामान आलं, आणि जुन्या सामानातला स्फटिक खताचा होता.

पिशवी घेऊन मी तशीच तारकर्लीच्या रस्त्याने काकीच्या घरी गेले. ती आता पर्यटकांच्या लॉजमधल्या चादरी धुते. अंगणातल्या दोरीवर चादरी वाळत होत्या. मला पाहून हात पुसत आली.

"खंय गेल्लंस गो इतके दिवस? वाळलंस किती! डबो खातंस काय नाय?"

मी पिशवी पुढे केली. सांगितलं.

तिने पिशवी हातात घेतली, उलटी केली, आत बोट घालून राहिलेली भुकटी चोळली. तिच्या अंगणातही दोन कलमं आहेत, दरवर्षी ती स्वतः हे बादलीत ढवळते.

"म्हंजे ता झिरो-बावन्न-चौतीस हुता?"

"हो."

"आणि माका कोणी सांगूक नाय? एक सबद? 'काकी, ह्या खत आसा' इतक्या म्हणाक काय जीभ झिजणार हुती त्यांची?" तिचा आवाज चढला तो पार शेजारणीच्या खळ्यापर्यंत गेला. "मी खत धुवूक पाण्यात घालीन? मी? बागायतीत जन्म गेलो माझो! झील माझो माका हसता. लॉजवरचे पोरगे हसतत, 'काकी, चादर विरघळवशीत हां' म्हणतत. मी म्हटलंय, आपणाक अक्कल नाय, गप ऱ्हवाचा. आणि ता खत हुता!"

मग ती पायरीवर बसली आणि पदराने तोंड पुसत राहिली. मी शेजारी बसले. तिला काय हवं ते मी विचारलं. मला वाटलं, काम परत हवं म्हणेल.

"काम नाय दिलांनी तरी चलात. पण माका सांगूक नव्हता, ह्या तेंनी म्हणाक होया. सगळ्यांसमोर. झिलाच्या समोर."

आम्ही दोघींनी मग तिच्या स्वयंपाकघरात तेच खत गरम पाण्यात विरघळवून, गाळून, बरणीत दोऱ्याला एक कण बांधून स्फटिक वाढवला. रोज मी कॉलेज सुटल्यावर जायचे आणि आम्ही बरणीपुढे बसायचो. निघाला तो लहान, गढूळ, एका बाजूला तडा गेलेला. प्रकाश वळवण्याच्या कामाचा नाही. पण टोकं अगदी पुस्तकातल्या चित्रासारखी. काकी म्हणाली, "आमचो आसा, धुवाचो नाय हां." आणि स्वतःच हसली.

तो आणि पिशवी घेऊन मी ऑफिसात गेले. खुर्चीवरच्यांनी स्फटिक चिमटीत धरला आणि म्हणाले, "हे खत आहे."

"हो सर. तेही खतच होतं. आणि ते तिला सांगण्याचं काम कॉलेजचं होतं."

"हा विषय संपलेला आहे. फारच असेल तर संस्थेच्या सभेत मांडा."

आमचे सर दाराशी उभे होते. त्यांनी खाली पाहिलं.

शिमगा झाल्यावर सभा आहे, कॉलेजच्याच हॉलमध्ये, आणि ती पालकांना आणि माजी विद्यार्थ्यांना खुली असते. मी मांडणार आहे. पण मी एकटी उठले तर ती एका पोरीची तक्रार होते, आणि एका पोरीची तक्रार चहाबरोबर संपते. हे मला आता माहीत झालं आहे. सरांना मी सांगितलंय, तुम्ही फक्त एवढंच म्हणा, की तिला सांगितलं नव्हतं. ते हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत.

म्हणून तुम्हाला विचारते. तुम्ही या कॉलेजात शिकलात? तुमचं पोर शिकतं? तुमच्या घरी आंब्याची दोन कलमं आहेत आणि तुम्हाला बादलीत काय विरतं ते कळतं? मग त्या सभेला या. मागच्या खुर्चीवर नको, पुढे बसा. काकी येणार आहे, तिचा झीलही येणार आहे. मी बोलून खाली बसले की तुम्ही उठा आणि तुमच्या भाषेत, मालवणीत, मोठ्याने विचारा: "हिका कोणी सांगल्यान हुता?" उत्तर मिळेपर्यंत बसू नका.